नदी मोजणारे सरकारी खाते: अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण नेमके काय करते?

जगात कुठेही मोठा भूकंप झाला, की थोड्याच वेळात त्याचे केंद्र आणि त्याचा आकडा सांगणारी बातमी येते आणि तिच्यात ‘यूएसजीएस’ हे नाव हमखास असते. युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे, म्हणजे अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण, बहुतेकांना एवढ्यापुरतेच माहीत असते. प्रत्यक्षात भूकंपमापन हा त्या संस्थेच्या कामाचा एक भाग आहे. नद्यांतून किती पाणी वाहते, जमिनीखालचे पाणी किती खोल गेले, कोणते खनिज कुठे आणि किती आहे, कोणत्या पक्ष्यांची संख्या घटते आहे, वटवाघळे कशाने मरत आहेत, या सगळ्याची शास्त्रीय नोंद ठेवणे हे तिचे काम आहे. मात्र या नोंदींच्या आधारे हुकूम काढण्याचा अधिकार तिला नाही. कोणाला किती पाणी द्यायचे, कोणती खाण चालू ठेवायची, कोणत्या पक्ष्याच्या शिकारीवर बंदी घालायची, हे ठरवणारी खाती वेगळी आहेत. मोजणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, ही रचना समजली की या संस्थेचे महत्त्व समजते.

संस्थेची स्थापना ३ मार्च १८७९ रोजी झाली. त्याआधी अमेरिकेच्या पश्चिम भागाची पाहणी करणारी चार वेगवेगळी सरकारी पथके होती, त्यांच्या कामात पुनरावृत्ती होत होती आणि आपसांत चढाओढही होती. अमेरिकी काँग्रेसने ती कामे एका छत्राखाली आणली. सरकारी जमिनींचे वर्गीकरण करणे आणि देशाची भूरचना, खनिजसंपत्ती व इतर उत्पन्ने यांची तपासणी करणे, अशी कामाची व्याख्या कायद्यातच लिहिलेली होती. त्याच कायद्यात एक अट होती आणि माझ्या मते ती त्या व्याख्येइतकीच मोलाची आहे: संस्थेच्या संचालकाने आणि कर्मचाऱ्यांनी, ज्या प्रदेशाचे सर्वेक्षण चालू आहे तेथील जमिनींत किंवा खनिजांत खासगी हितसंबंध ठेवू नयेत आणि खासगी व्यक्तींसाठी किंवा कंपन्यांसाठी सर्वेक्षण करू नये. सोन्याचांदीच्या खाणींसाठी लोक जिवावर उदार होत होते, त्या काळात ही अट घालणाऱ्यांना नोंदीच्या विश्वासार्हतेची किंमत नीट कळलेली होती. पहिले संचालक क्लॅरेन्स किंग यांना तर तिचा अनुभवच होता. १८७२ मध्ये जमिनीत हिरे पेरून गुंतवणूकदारांना फसवण्याचा एक मोठा डाव त्यांनी जागेवर जाऊन उघडकीला आणला होता.

दुसरे संचालक जॉन वेस्ली पॉवेल हे १८८१ ते १८९४ या काळात पदावर होते. यादवी युद्धात त्यांना उजवा हात गमवावा लागला होता, तरीही १८६९ मध्ये त्यांनी लाकडी होड्यांतून कोलोरॅडो नदीच्या खोल दऱ्यांचा प्रवास केला होता. १८७८च्या अहवालात त्यांनी म्हटले होते, की देशाच्या पश्चिम भागातील बराच प्रदेश सिंचनाशिवाय शेतीला योग्य नाही आणि सगळ्या जमिनीला पुरेल इतके पाणी तेथील नद्यांत नाही. हे ऐकायला त्या काळी फारसे कोणी तयार नव्हते. पण पाणी पुरणार की नाही हा वाद सोडवायचा तर आधी पाणी मोजायला हवे होते आणि मोजण्याची रूढ पद्धतच नव्हती. १८८८च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोतील एम्बुडो येथे रिओ ग्रांद नदीच्या काठी तरुण अभियंत्यांच्या एका तुकडीने तळ ठोकला आणि १८८९च्या आरंभी संस्थेचे पहिले जलमापन केंद्र तेथे उभे राहिले. आज देशभरात अशी आठ हजारांहून अधिक केंद्रे नद्यांचा विसर्ग नोंदवत आहेत.

नदीचा विसर्ग मोजणे हे काम वाटते त्यापेक्षा बरेच अवघड आहे. विसर्ग म्हणजे एका सेकंदात एखाद्या ठिकाणाहून पुढे जाणाऱ्या पाण्याचे घनफळ. ते काढायला पात्राच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करावा लागतो. अडचण अशी, की पात्र सारख्या खोलीचे नसते आणि पाणी सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. काठाशी आणि तळाशी घर्षणामुळे ते मंद असते, मधल्या धारेत वेगवान असते. म्हणून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोर ताणून पात्राचे वीस ते तीस उभे भाग पाडले जातात आणि प्रत्येक भागाची खोली व वेग स्वतंत्रपणे मोजला जातो. कोणत्याही एका भागातून एकूण विसर्गाच्या पाच टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये, असा दंडक आहे. म्हणजे एखादे मोजमाप चुकले तरी सगळी बेरीज बिघडत नाही.

वेग कुठे मोजायचा, हाही अनुभवातून ठरलेला भाग आहे. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांश अंतरावर घेतलेला वेग त्या उभ्या रेषेवरच्या सरासरी वेगाच्या अगदी जवळ असतो. खोल पाण्यात दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी वेग मोजून सरासरी घेतात. अनेक दशके हे काम फिरत्या वाट्यांच्या चक्राने होत असे. चक्राच्या प्रत्येक फेरीला कानातल्या यंत्रात टिक् असा आवाज येई आणि कर्मचारी पाण्यात उभा राहून ठरावीक सेकंदांतले टिक् मोजत असे. आता बहुतेक ठिकाणी ध्वनिलहरी सोडणारे यंत्र छोट्या तराफ्यावरून नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ओढत नेतात. पाण्यातल्या बारीक कणांवरून परत आलेल्या लहरींच्या कंपनसंख्येत पडलेल्या फरकावरून ते यंत्र वेग काढते.

आता हे काम दर पंधरा मिनिटांनी, रात्रंदिवस, हजारो ठिकाणी माणसे उभी करून होणे शक्य नाही. म्हणून एक युक्ती केली जाते. पाण्याची पातळी मोजणे सोपे असते आणि ते यंत्र आपोआप करते. प्रत्यक्ष जाऊन केलेल्या विसर्गमापनाच्या वेळी पातळी किती होती हे लिहून ठेवले, आणि असे उन्हाळ्यात, पावसात, मोठ्या पुरात, वेगवेगळ्या पातळ्यांना पुनःपुन्हा केले, की पातळी आणि विसर्ग यांचे नाते दाखवणारा आलेख तयार होतो. त्यानंतर केवळ पातळी कळली तरी विसर्ग काढता येतो. संकेतस्थळावर दिसणारा विसर्गाचा आकडा बहुधा अशा रीतीने आलेला असतो.

पण हा आलेख एकदा काढून कायमचा उपयोगी पडत नाही. पुराने तळाची वाळू खरवडून नेली, एखादे झाड आडवे पडले, पात्रात वनस्पती माजल्या, की तीच पातळी वेगळा विसर्ग दाखवू लागते. त्यामुळे सहा-आठ आठवड्यांनी माणसाला पुन्हा केंद्रावर जावे लागते, प्रत्यक्ष मोजावे लागते आणि आलेख दुरुस्त करावा लागतो. मोठ्या पुरातले मोजमाप विशेष मोलाचे असते, कारण आलेखाचे वरचे टोक त्याशिवाय केवळ अंदाजाने काढावे लागते. सगळे जण पुरापासून दूर जात असतात तेव्हा हे कर्मचारी पुलावर जाऊन यंत्र पाण्यात सोडत असतात. ताजे आकडे ‘तात्पुरते’ असा शिक्का मारून लगेच सर्वांसाठी खुले केले जातात आणि नंतरच्या तपासणीत ते दुरुस्त किंवा मान्य होतात. आकडा आला तरी तो अजून पक्का नाही हे उघडपणे सांगणे, हा मला या पद्धतीतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो.

एवढ्या खटाटोपाचे फळ दीर्घकाळानंतर मिळते. ‘शंभर वर्षांतला पूर’ हे शब्द बातम्यांत वारंवार येतात आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा चुकीचा लावला जातो. असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो आणि आता आला म्हणजे पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असे मुळीच नाही. कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची शक्यता एक टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा पूररेषेच्या आत तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक इतकी भरते. ही एक टक्क्याची रेषा कुठे ओढायची, हे दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या पुरांच्या नोंदीवरून ठरते. नोंद वीस वर्षांचीच असेल तर तिच्यावरून शंभर वर्षांची गोष्ट सांगणे फार धाडसाचे होते.

अपुऱ्या नोंदीवर निर्णय घेतला की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कोलोरॅडो नदीचे आहे. २४ नोव्हेंबर १९२२ रोजी खोऱ्यातल्या सात राज्यांच्या प्रतिनिधींनी पाणीवाटपाच्या करारावर सह्या केल्या. अमेरिकेत हे पाणी एकर-फुटांत मोजतात. टीएमसीच्या मापात सांगायचे तर खोऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागाला दरवर्षी प्रत्येकी सुमारे ३२७ टीएमसी पाणी मिळावे असे ठरले, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे ६५३ टीएमसी. पुढे १९४४च्या तहाने मेक्सिकोला आणखी ६५ टीएमसी देण्याचे मान्य झाले. दोन्ही भागांच्या सीमेजवळचे, ज्याच्या आकड्यावर सगळा हिशेब अवलंबून आहे ते लीज फेरीचे जलमापन केंद्र १९२१ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे करार झाला तेव्हा त्या ठिकाणची नोंद दोन वर्षांचीही नव्हती, आणि इतर केंद्रांवरून बांधलेले अंदाज ज्या वर्षांचे होते ती विसाव्या शतकाच्या आरंभीची वर्षे असाधारण ओली होती.

यूएसजीएसमधील जलतज्ज्ञ ई. सी. लारू यांनी १९१६च्या अहवालातच लिहिले होते, की खोऱ्यातील सिंचनयोग्य सगळ्या जमिनीला पुरेल इतके पाणी कोलोरॅडो आणि तिच्या उपनद्यांत नाही. तो इशारा वाटपाच्या चर्चेत मागे पडला. १९७६ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी जुन्या झाडांच्या वाढकड्यांवरून काही शतकांचा प्रवाह काढला, तेव्हा दीर्घकालीन सरासरी वर्षाला सुमारे ५९० टीएमसी भरली आणि करारापूर्वीची वर्षे काही शतकांतली सर्वांत ओली ठरली. २००० नंतरची सरासरी तर आणखी घसरून ५४० टीएमसीच्या आसपास आली आहे. नदीत जेवढे पाणी येते त्याहून जास्त पाणी कागदावर वाटलेले आहे आणि आज त्या खोऱ्यात चाललेल्या वादाचे मूळ तेथे आहे. लारूंचे म्हणणे मानले गेले नाही, हे खरे. पण ते छापील अहवालात सही-शिक्क्यासह नोंदलेले असल्यामुळे कोणाला काय माहीत होते, हे शंभर वर्षांनंतरही तपासता येते.

मोजणारा आणि ठरवणारा वेगळा असावा हे तत्त्व संस्थेत एका दिवसात आले नाही. १९०२ मध्ये धरणे आणि कालवे बांधणारी रेक्लमेशन सर्व्हिस याच संस्थेच्या अंतर्गत सुरू झाली होती, ती १९०७ मध्ये वेगळी करण्यात आली. खाणींची सुरक्षितता पाहणारे काम १९१० मध्ये स्वतंत्र झाले. आपणच धरण बांधायचे आणि त्या धरणाला पाणी पुरेल की नाही हेही आपणच सांगायचे, यात ताण आहे, हे सांगायला मोठ्या सिद्धांताची गरज नाही.

नदी निदान डोळ्यांना दिसते. भूजलाचे तसे नाही. विहिरीतून पाणी उपसले की तिच्याभोवतीची पातळी नरसाळ्याच्या आकारात खाली जाते आणि उपसा चालू राहिला की ते नरसाळे दूरवर पसरत जाते. ते किती वेगाने आणि कुठवर पसरेल, हे काळाच्या हिशेबासह सांगणारे सूत्र संस्थेतील चार्ल्स थाइस यांनी १९३५ मध्ये मांडले. जमिनीतून पाणी सरकण्याचे गणित आणि घन पदार्थातून उष्णता वाहण्याचे गणित एकाच जातीचे आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते आणि उष्णतेचे गणित आधीच सुटलेले होते. विहिरीच्या चाचण्यांत आजही हे सूत्र वापरतात.

थाइस यांनी १९४० मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट केली आणि ती प्रत्येक पाणी-चर्चेत पुन्हा सांगावी लागते. पावसाने जेवढे पुनर्भरण होते तेवढाच उपसा केला तर नुकसान नाही, असा सर्वसाधारण समज आहे. पण विहीर खोदण्याआधीही ते पाणी कुठेतरी जातच होते: झऱ्यांना, ओढ्यांना, दलदलींना, नदीच्या उन्हाळ्यातल्या धारेला. त्यामुळे उपसलेले पाणी एक तर साठ्यातून कमी होते, नाही तर आधी ज्यांना ते मिळत होते त्यांच्या वाट्यातून जाते, किंवा नदीकडून जास्त झिरप ओढून घेते. फुकटचे पाणी असे काही नसते. एखाद्या खोऱ्यातला उपसा आणि काही वर्षांनी आटलेला ओढा यांचा संबंध दिसत नाही, याचे कारण हा परिणाम पोहोचायला कधी कधी दशके लागतात.

साठा कमी झाला की काही ठिकाणी जमीनच खचते. कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात १९७७ मध्ये घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. संस्थेतील जोसेफ पोलंड एका विजेच्या खांबाशेजारी उभे आहेत आणि खांबावर १९२५, १९५५ आणि १९७७ असे फलक लावलेले आहेत. त्या-त्या वर्षी जमिनीची पातळी कुठे होती ते फलक दाखवतात. १९२५चा फलक पोलंड यांच्या डोक्यावर कितीतरी उंच आहे. जमीन त्या अर्धशतकात जवळजवळ नऊ मीटर खाली गेली होती. वाळूच्या थरांमधील चिकणमातीचे कण एखाद्या अस्ताव्यस्त रचलेल्या ताटल्यांच्या ढिगासारखे असतात. त्यांच्या फटींतल्या पाण्याचा दाब वरचा भार काही अंशी पेलून धरतो. पाणी काढून घेतले की दाब उतरतो आणि ताटल्या एकमेकींवर चपट्या बसतात. पुढे कितीही पाऊस पडला तरी ती जागा बहुतांशी परत मिळत नाही. म्हणजे केवळ पाणी गेले नाही, पाणी साठवण्याची जागाही गेली. संस्थेतील लेनर्ड कोनिको यांच्या अभ्यासानुसार १९०० ते २००८ या काळात अमेरिकेतला भूजलसाठा सुमारे १,००० घनकिलोमीटरने घटला, म्हणजे ईरी सरोवरात मावते त्याच्या साधारण दुप्पट पाणी जमिनीतून निघून गेले.

खनिजांच्या उत्पादनाचे वार्षिक आकडे आणि लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे हीदेखील याच संस्थेची कामे आहेत. लँडसॅटची मालिका १९७२ पासून अखंड चालू आहे आणि २००८ पासून तिची सगळी छायाचित्रे विनामूल्य मिळतात. सरोवरे आटणे, जंगले तुटणे, शहरे पसरणे यांचा जगभरातला अभ्यास त्यामुळे शक्य झाला.

भूविज्ञानाच्या संस्थेत वन्यजीव कसे आले, असा प्रश्न साहजिक आहे. १९९३ मध्ये सरकारच्या विविध खात्यांतले जीवशास्त्रज्ञ एकत्र करून एक स्वतंत्र संस्था काढली गेली होती. तिला तीव्र राजकीय विरोध झाला आणि १९९६ मध्ये ते काम यूएसजीएसकडे आले. पद्धत मात्र नदीमापनासारखीच आहे: तीच जागा, तीच रीत, वर्षानुवर्षे. १९६६ मध्ये चँडलर रॉबिन्स यांनी सुरू केलेली पक्षीगणना पाहा. जाणकार स्वयंसेवक प्रजननाच्या हंगामात, मुख्यतः जून महिन्यात, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी निघतात. सुमारे ३९ किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर ते पन्नास ठिकाणी थांबतात आणि प्रत्येक ठिकाणी बरोबर तीन मिनिटे दिसलेले व ऐकू आलेले पक्षी लिहून घेतात. तीन मिनिटांत सगळे पक्षी सापडत नाहीत, हे उघड आहे. पण दरवर्षी सारखीच तीन मिनिटे दिली तर वाढ आणि घट कळते. उत्तर अमेरिकेतले पक्षी १९७० पासून जवळजवळ तीनशे कोटींनी कमी झाले, हा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मुख्यतः अशा गणनांवर उभा होता. त्यांतले कित्येक पक्षी दुर्मीळ नव्हते, रोज दिसणारे होते. नोंद नसती तर त्यांची घट कोणाच्या लक्षातही आली नसती. रॉबिन्स यांनीच १९५६ मध्ये मिडवे बेटावर ‘विज्डम’ या अल्बाट्रॉस मादीच्या पायात कडे घातले होते. ती २०२४च्या अखेरीस, वयाच्या अंदाजे ७४व्या वर्षी, पुन्हा अंडे घालताना दिसली. पायातल्या कड्याची नोंद नसती तर इतके आयुष्य असलेला पक्षी आहे, हेच कळले नसते.

वटवाघळांचे प्रकरण अधिक दुःखद आहे. २००६च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी असलेली वटवाघळे प्रथम दिसली. मॅडिसन येथील संस्थेच्या वन्यजीव आरोग्य केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ही बुरशी वेगळी करून ओळखली आणि तीच रोगाचे कारण असल्याचे २०११ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. ती थंडीत वाढते. शीतनिद्रेतल्या वटवाघळांना ती वारंवार जागे करते, प्रत्येक जागेपणी साठवलेली चरबी खर्च होते आणि कीटक मिळू लागण्याआधीच ती उपासमारीने मरतात. आजवर लाखो वटवाघळे अशी गेली आहेत. गुहा बंद ठेवायच्या की नाही, हे मात्र वनखाती आणि राज्ये ठरवतात.

ज्वालामुखींच्या बाबतीतही हीच विभागणी असते आणि ती किती चांगली चालू शकते हे १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो येथे दिसले. तेथील ज्वालामुखी संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर यूएसजीएसच्या पथकाने धक्के आणि वायू मोजून धोक्याच्या पायऱ्या ठरवल्या, स्थानिक अधिकाऱ्यांनी आणि लष्कराने त्यावरून लोकांना हलवण्याचे आदेश दिले आणि १५ जूनच्या प्रचंड उद्रेकात हजारो जीव वाचले.

जलमापन केंद्रांचा खर्च संस्था एकटी करत नाही. राज्ये, शहरे, पाणीपुरवठा मंडळे अशा सुमारे चौदाशे भागीदारांबरोबर तो वाटून घेतला जातो. एखाद्या भागीदाराचे अंदाजपत्रक आखडले की केंद्र बंद पडते आणि त्यात पन्नास-साठ वर्षे अखंड चाललेली केंद्रेही असतात. कोणती केंद्रे बंद होण्याच्या मार्गावर आहेत आणि कोणती नुकतीच बंद झाली, याचा नकाशा संस्था स्वतःच प्रसिद्ध करते, जेणेकरून एखादे राज्य किंवा शहर पुढे येऊन खर्च उचलू शकेल. पैसे पुढच्या वर्षी मिळाले तर केंद्र पुन्हा सुरू करता येते. मधल्या वर्षाचा पूर किंवा मधल्या वर्षाचा दुष्काळ मात्र मागे जाऊन मोजता येत नाही.